कारखान्याच्या अल्पमुदतीच्या कर्जावरून बाजाराचा अंदाज कसा बांधावा : विदर्भातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

कापसाचा हंगाम सुरू झाला की यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यातील जिनिंगवाले ज्या पैशाने खरेदी करतात, त्यातला मोठा हिस्सा बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून, म्हणजे मालाच्या तारणावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवी तेव्हा उचल करता येणाऱ्या खात्यातून, आलेला असतो. कास्तकाराला चुकारा लगेच हवा असतो, रुईच्या गाठी सूतगिरणीला उधारीवर जातात, सरकी तेलगिरणीकडे जाते आणि तिचेही पैसे सावकाश येतात. या मधल्या काळाची तोंडमिळवणी ज्या उसनवारीवर होते, ती ताळेबंदात अल्पमुदतीचे कर्ज म्हणून दिसते. ही उसनवारी कधी, किती आणि कशामुळे वाढते हे पाहिले तर एका गिरणीची तब्येत कळते आणि देशभरातील कारखान्यांची बेरीज पाहिली तर उत्पादन क्षेत्र कोणत्या दिशेने चालले आहे याचाही अंदाज येतो.

मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब सांभाळतो आणि आमचा कापूस, तूर व सोयाबीन गिरण्यांना जात असल्यामुळे हे आकडे वाचणे माझ्या कामाचाच भाग आहे. शेतकरी कंपन्यांचे नवे व्यवस्थापक, गिरण्यांना बारदाना किंवा सुटे भाग पुरवणारे लहान उद्योजक, आडत्यांकडे नव्याने लागलेले हिशेबनीस आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी यांना नजरेसमोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. ‘उद्योगांची कर्जउचल वाढली’ ही ओळ वर्तमानपत्रात बहुधा चांगली बातमी म्हणून छापली जाते, पण माझ्या मते ती अर्धीच बातमी असते. उरलेली अर्धी कशी शोधावी, हा या लेखाचा विषय आहे.

१. आधी प्रश्न ठरवा

‘हा खरेदीदार माझे पैसे वेळेवर देईल का’ हा एक प्रश्न झाला आणि ‘यंदा बाजार कुठे चालला आहे’ हा दुसरा. पहिल्यासाठी एकाच कंपनीचे किमान तीन वर्षांचे ताळेबंद लागतात, तर दुसऱ्यासाठी रिझर्व्ह बँकेची मासिक आकडेवारी. दोन्ही प्रश्नांची सरमिसळ केली की एका बुडीत जिनिंगवरून संपूर्ण वस्त्रोद्योग बुडाल्याचा निष्कर्ष निघतो, किंवा देशभरातली कर्जवाढ पाहून गावाशेजारच्या गिरणीवर नको तितका विश्वास बसतो.

२. कागदपत्रे आणि साधने जमवा

- कंपनीचे ताळेबंद, टिपणांसह : कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एका कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे पाहण्याचे शुल्क ₹१०० आहे. वार्षिक हिशेब एओसी-४ या अर्जासोबत असतात.
- तारण-बोजांची यादी : त्याच संकेतस्थळावर विनाशुल्क दिसते. कोणत्या बँकेचा किती रकमेचा बोजा कधी नोंदला गेला, हे तिच्यावरून कळते.
- पतमानांकनाचा अहवाल : क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज यांसारख्या संस्था बँककर्जाला मानांकन देतात आणि त्यामागची कारणे त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत वाचता येतात.
- क्षेत्रनिहाय बँक कर्जवाटपाचे निवेदन : रिझर्व्ह बँक ते दरमहा प्रसिद्ध करते.
- एक साधे एक्सेल पान आणि कॅल्क्युलेटर.

विदर्भातील बऱ्याच जिनिंग आणि दालमिल भागीदारी संस्था किंवा एकट्याच्या मालकीच्या आहेत आणि त्यांचे ताळेबंद सार्वजनिक नसतात. अशा ठिकाणी मानांकनाचा अहवाल असल्यास तोच हाती लागतो. त्यावर ‘कर्जदार सहकार्य करत नाही’ असा शेरा असेल, तर संस्थेला ताजी माहिती मिळालेली नाही असा त्याचा सरळ अर्थ असतो आणि त्या मानांकनाच्या अक्षरावर विसंबून राहू नये.

३. ताळेबंदात नेमके कुठे पाहावे

कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीने ताळेबंदाचा नमुना ठरवून दिला आहे. त्यात चालू देण्यांच्या गटात ‘शॉर्ट टर्म बॉरोइंग्ज’ ही ओळ असते आणि तिच्यापुढील टिपण क्रमांकावर जाऊन कॅश क्रेडिट, मागणी करताच फेडावयाची कर्जे, संचालकांकडून घेतलेले पैसे अशी फोड पाहावी लागते. त्याच गटात ‘ट्रेड पेएबल्स’ म्हणजे माल पुरवणाऱ्यांची देणी असतात. बँकेचे कर्ज आणि पुरवठादारांची उधारी या दोन्ही अल्पमुदतीच्याच जबाबदाऱ्या आहेत आणि त्या नेहमी शेजारीशेजारी ठेवूनच वाचाव्यात.

येथे एक सापळा आहे. मार्च २०२१ मध्ये या अनुसूचीत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून दीर्घमुदतीच्या कर्जाचा येत्या वर्षभरात फेडावयाचा हप्ता अल्पमुदतीच्या कर्जांतच, वेगळी नोंद करून, दाखवावा लागतो. पूर्वी तो दुसऱ्या शीर्षाखाली असे. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना करताना टिपण उघडून हा हप्ता वजा केला नाही, तर कंपनीने एक रुपयाही नवा न उचलता कर्ज उडी मारून वाढल्यासारखे दिसते. आकडे हजारांत आहेत, लाखांत आहेत की कोटींत, हेही पानाच्या डोक्यावर आधी वाचून घ्यावे. एकाच कंपनीने दोन वर्षांत दोन वेगळी एकके वापरलेली असू शकतात.

कौटुंबिक गिरण्यांत संचालक आणि नातलगांनी दिलेली बिनतारण कर्जे बरीच असतात. ती कागदावर कर्ज असली तरी व्यवहारात घरचे भांडवल असते आणि कित्येकदा बँकही ती कर्ज चालू असेपर्यंत न काढण्याची अट घालते. अल्पमुदतीच्या बेरजेतून ती वेगळी मांडावीत.

४. हंगाम वेगळा काढा

कापसाचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि कंपनीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणजे जिनिंगचा ताळेबंद अशा दिवशी काढला जातो, जेव्हा आवक बरीचशी आटोपलेली असते, पण गाठी आणि सरकी गोदामात असू शकतात आणि कॅश क्रेडिट खाते त्यांच्या भाराने वाकलेले असते. हीच गिरणी सप्टेंबरअखेर पाहिली तर ती जवळजवळ कर्जमुक्त वाटेल. दोन्ही चित्रे खरी आहेत, म्हणून मार्चची तुलना मागच्या मार्चशीच करावी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ३० सप्टेंबरचा ताळेबंदही जाहीर करावा लागतो, तो मागच्या ३० सप्टेंबरच्या ताळेबंदाशी ताडावा.

भंडारा आणि गोंदियाच्या भातगिरण्यांचे गणित निराळे असते. तेथे शासनाच्या धानाची भरडाई मोठ्या प्रमाणावर होते. धान शासनाचे, गिरणीला मिळते ती भरडाईची मजुरी. त्यामुळे गिरणी रात्रंदिवस चालूनही तिच्या ताळेबंदात ना साठा वाढतो, ना कर्ज. अशा गिरणीच्या कर्जावरून तिच्या कामाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

५. कर्ज एकटे वाचू नका : साठा, येणी आणि विक्रीशी ताडा

सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी ही पायरी आहे. एक काल्पनिक जिनिंग कंपनी घ्या. पहिल्या वर्षी तिची विक्री ६० कोटी, साठा ९ कोटी, येणी ६ कोटी, बँकेचे अल्पमुदतीचे कर्ज ८ कोटी आणि पुरवठादारांची देणी ३ कोटी रुपये आहेत. दुसऱ्या वर्षी विक्री ७२ कोटी, साठा १६ कोटी, येणी ९ कोटी, कर्ज १३ कोटी आणि देणी ७ कोटी झाली. मालक म्हणेल की धंदा वाढला, विक्री वीस टक्क्यांनी चढली, तेव्हा कर्ज वाढणारच. आता प्रत्येक आकड्याला विक्रीने भागून ३६५ ने गुणावे. साठा ५५ दिवसांवरून ८१ दिवसांवर गेलेला दिसतो, येणी ३७ वरून ४६ दिवसांवर आणि पुरवठादारांची देणी १८ वरून ३५ दिवसांवर. विक्रीच्या तुलनेत कर्ज १३ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेले. म्हणजे कर्ज वाढले ते विक्रीमुळे कमी आणि गोदामात थांबलेल्या मालामुळे जास्त. काटेकोर हिशेबात साठा खरेदीखर्चाने आणि देणी खरेदीने भागतात. नवख्याने सुरुवातीला सगळीकडे विक्रीच वापरली तरी दिशा समजते, फक्त दरवर्षी पद्धत तीच ठेवावी.

हाच साठा मालकाने भाव वाढण्याच्या अपेक्षेने मुद्दाम धरलेला असू शकतो, किंवा सूतगिरण्यांनी उचल थांबवल्यामुळे नाइलाजाने पडून असू शकतो. ताळेबंद या दोहोंत फरक करत नाही. तो करण्यासाठी येण्यांकडे पाहावे : साठ्यासोबत येण्यांचे दिवसही वाढत असतील, तर पुढचा खरेदीदारच अडचणीत आहे असे समजायला जागा असते, येणी जागच्या जागी राहून फक्त साठा वाढला असेल, तर तो बहुधा मालकाचा जुगार असतो.

भावाचा परिणाम वेगळा काढणे तितकेच आवश्यक आहे. मे २०२२ मध्ये रुईचा भाव खंडीला (सुमारे ३५६ किलो) एक लाख रुपयांच्या वर गेला होता. अशा वर्षी तितक्याच गाठींसाठी कितीतरी जास्त कर्ज लागते आणि आकड्यातील ती वाढ उत्पादनाची नसते. शक्य असेल तेथे रुपयांना भावाने भागून क्विंटल किंवा गाठींत आकडा आणावा.

उलट बाजूही लक्षात घ्या, कारण कर्ज घटले म्हणजे गिरणी सुधारली असे नसते. बँक कॅश क्रेडिट खात्यातून प्रत्यक्ष किती उचलू देते हे मंजूर मर्यादेवर एकट्यावर ठरत नाही. गिरणी दरमहा स्टॉक स्टेटमेंट (साठ्याचे विवरण) देते, बँक त्यातील साठ्यातून पैसे न दिलेल्या मालाची रक्कम वजा करते, उरलेल्या रकमेतून मार्जिन (गिरणीने स्वतः घालायचा वाटा) कापते आणि जे राहते ती ड्रॉइंग पॉवर. समजा साठा १० कोटींचा, त्यातील २ कोटींच्या मालाचे पैसे द्यायचे बाकी आणि मार्जिन २५ टक्के, तर ड्रॉइंग पॉवर ६ कोटी होते. रुईचा भाव पडून साठ्याचे मूल्य ९ कोटींवर आले की हीच ड्रॉइंग पॉवर सव्वापाच कोटी होते. एकही गाठ हलली नाही, पण गिरणीला पाऊण कोटी रुपये बँकेत भरावे लागतात. ते भरण्यासाठी ती पडत्या भावात माल विकते, भाव आणखी पडतो आणि शेजारच्या गिरणीवरही तीच वेळ येते. त्या वर्षीच्या ताळेबंदात अल्पमुदतीचे कर्ज ‘कमी’ झालेले दिसेल.

स्टॉक स्टेटमेंट फुगवण्याचा मोह कुठे पडतो हेही यावरून समजते. ज्या कंपन्यांना सीएआरओ २०२० (लेखापरीक्षकाच्या अहवालात काय असावे हे ठरवणारा आदेश) लागू आहे आणि ज्यांची चालू मालमत्तेच्या तारणावरील मंजूर मर्यादा ५ कोटी रुपयांपेक्षा जास्त आहे, त्यांच्या लेखापरीक्षकाला बँकेकडे दिलेली तिमाही विवरणे हिशेबाच्या वह्यांशी जुळतात का, हे अहवालात लिहावे लागते. हे परिशिष्ट वाचायला अनेकांना कंटाळा येतो. मी ताळेबंदाच्याही आधी तेच उघडतो.

६. मर्यादा भरली की ओझे कुठे सरकते ते पाहा

बँकेच्या कर्जाला छप्पर असते, पुरवठादारांच्या उधारीला नसते. म्हणून अडचणीतील गिरणीत बँकेचे कर्ज मर्यादेला टेकून सपाट होते आणि ‘ट्रेड पेएबल्स’ मात्र चढत जातात. वरच्या उदाहरणात पुरवठादारांचे १८ दिवसांचे ३५ दिवस झाले, तो आकडा माझ्या दृष्टीने कर्जाच्या आकड्याहून अधिक बोलका आहे. बाजारात याची चाहूल ताळेबंदाच्या कितीतरी आधी लागते : चुकाऱ्याचा धनादेश पुढच्या तारखेचा मिळू लागतो, वाहतूकदाराचे भाडे ‘पुढच्या गाडीसोबत’ देण्याची भाषा सुरू होते, बारदान्याची बिले अंगावर चढतात.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला देण्यांचे वयही दाखवावे लागते : एक वर्षापेक्षा कमी, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांपेक्षा जास्त. सूक्ष्म व लघु उपक्रमांची देणी आणि इतरांची देणी यांचे वेगवेगळे रकाने असतात. पहिल्या रकान्यामागे एमएसएमई विकास कायदा २००६ उभा आहे. लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. केवळ व्यापार करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली तरी हे संरक्षण मिळत नाही आणि कास्तकार तर ‘इतर’ रकान्यातच राहतो. त्यामुळे पहिला रकाना स्वच्छ आणि दुसरा फुगलेला दिसला, तर कंपनी कायद्याच्या धाकाने एकांचे देऊन दुसऱ्यांचे थकवत आहे का, हे तपासावे.

येथे आणखी एक विकृती शिरते. वित्त कायदा २०२३ ने केलेल्या दुरुस्तीमुळे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म व लघु उपक्रमांना मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत करासाठी खर्च म्हणून धरता येत नाही. साहजिकच मार्चमध्ये कॅश क्रेडिटमधून पैसे काढून ही देणी मिटवण्याकडे कल असतो. ३१ मार्चला देणी कमी आणि कर्ज जास्त दिसले, तर दोहोंची बेरीज करून मागच्या वर्षाशी ताडावी, म्हणजे ही खांदेपालट फसवणार नाही.

७. एका गिरणीवरून देशाकडे जाताना

रिझर्व्ह बँकेचे मासिक निवेदन महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्याचे आकडे साधारण पुढच्या महिन्याच्या अखेरीस देते. त्यात उद्योगांचे सूक्ष्म व लघु, मध्यम आणि मोठे असे भाग असतात, तसेच वस्त्रोद्योग, अन्नप्रक्रिया असे गट असतात. वस्त्रोद्योगात सुती आणि अन्नप्रक्रियेत खाद्यतेल व वनस्पती हे पोटगट आपल्या भागाच्या कामाचे आहेत. यातील ‘फूड क्रेडिट’ या शब्दाने अनेक जण फसतात. ते अन्नप्रक्रिया उद्योगाचे कर्ज नसून शासकीय धान्यखरेदीसाठी भारतीय अन्न महामंडळ आणि राज्यांच्या यंत्रणांना दिलेले कर्ज असते. दालमिल आणि तेलगिरण्या ‘नॉन फूड क्रेडिट’मध्ये मोडतात.

या तक्त्याची मोठी मर्यादा अशी की त्यात कारखान्यांचे अल्प आणि दीर्घ मुदतीचे कर्ज एकत्रच असते. त्याशिवाय मोठ्या कंपन्या बँकेला वळसा घालून कमर्शिअल पेपर, म्हणजे बाजारातून थेट पैसे उचलण्याची बिनतारण वचनपत्रे, काढतात. भारतात हे साधन १९९० पासून आहे आणि त्याची मुदत ७ दिवसांपासून एक वर्षापर्यंत असते. बाजारात व्याज स्वस्त झाले की मोठ्या कंपन्या तिकडे वळतात आणि बँकेचे औद्योगिक कर्ज मंदावल्यासारखे दिसते, म्हणून कमर्शिअल पेपरची थकीत रक्कमही जोडीला पाहावी.

मुदतीची वेगळी फोड हवी असेल तर अमेरिकेचा नमुना अभ्यासण्यासारखा आहे. तेथील जनगणना विभाग उत्पादन कंपन्यांचे तिमाही आर्थिक अहवाल गोळा करतो आणि एक वर्षापर्यंतच्या कर्जात बँकेचे किती, कमर्शिअल पेपरचे किती, हे कंपनीच्या आकारमानानुसार देतो. या आकड्यांवरील अभ्यासांत असे आढळले की पतधोरण आवळल्यावर लहान कंपन्यांचे अल्पमुदतीचे कर्ज लवकर आकसते, तर मोठ्या कंपन्यांचे काही काळ उलट वाढते, कारण न विकलेला साठा वागवण्याइतकी त्यांची पत शिल्लक असते. म्हणून एकूण बेरजेपेक्षा लहान आणि मोठ्या कारखान्यांतील फरक अधिक सांगतो. आपल्या मासिक तक्त्यातही सूक्ष्म-लघु आणि मोठ्या उद्योगांच्या वार्षिक वाढीचे दर दोन रकान्यांत मांडून हेच पाहता येते.

८. हा निर्देशक मागून चालतो, हे धरून वापरा

अमेरिकेतील कॉन्फरन्स बोर्ड ही संस्था व्यापारी व औद्योगिक कर्जांना पिछाडीच्या निर्देशकांत धरते. विक्रीच्या तुलनेतील साठाही त्याच यादीत आहे. मंदीची पहिली झळ विक्रीला बसते, कारखाना लगेच बंद होत नाही, माल साचतो आणि तो वागवण्यासाठी कर्ज आणखी काढावे लागते, त्यामुळे उतरण सुरू झाल्यावरही काही महिने कर्जाचा आकडा चढताच राहतो. म्हणून दिशा आधी ओळखायची असेल तर औद्योगिक उत्पादन निर्देशांक आणि रिझर्व्ह बँकेचे मागण्या, साठा व क्षमतावापर यांविषयीचे तिमाही सर्वेक्षण पाहावे, आणि त्यांनी दिलेला इशारा खरा ठरला का, हे तपासण्यासाठी कर्जाचा आकडा वापरावा.

२०२० आणि २०२१ ही वर्षे तुलनेसाठी घेताना विशेष जपावे. कोविड काळात खेळत्या भांडवलावरील साचलेले व्याज मुदतकर्जात बदलण्याची मुभा होती आणि मे २०२० च्या आपत्कालीन पतहमी योजनेतून २९ फेब्रुवारी २०२० च्या थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत नवे मुदतकर्ज मिळाले. अनेक ठिकाणी अल्पमुदतीचा भार असा दीर्घमुदतीच्या रकान्यात गेला. त्या दोन वर्षांपुरते दोन्ही रकाने एकत्र करून वाचावेत, अन्यथा ती वर्षे तुलनेतून वगळावीत.

९. वर्षाचे वेळापत्रक

वार्षिक सभेची मुदत बहुतेक कंपन्यांसाठी ३० सप्टेंबर असते आणि त्यानंतर ३० दिवसांत हिशेब दाखल करायचे असतात. त्यामुळे गावाजवळच्या खासगी कंपनीचा मार्चचा ताळेबंद कित्येकदा ऑक्टोबरअखेरच हाती येतो, तोही नेमका नव्या कापसाचे सौदे सुरू असताना. तोवर थांबायला वेळ नसतो, म्हणून सप्टेंबरमध्येच तारण-बोजांची यादी उघडावी. जुन्या बँकेचा बोजा उतरून नव्या वित्तसंस्थेचा चढला आहे का, मर्यादा वाढवून घेतली आहे का, आणि तीही माल सोडून घर किंवा शेती गहाण ठेवून घेतली आहे का, एवढे पाहावे. बोजाची नोंद निर्मितीपासून ३० दिवसांत व्हावयाची असल्याने ही यादी ताळेबंदापेक्षा खूपच ताजी असते. शेवटच्या प्रकारची नोंद आढळली, तर पहिल्या काही गाड्या रोखीनेच द्याव्यात आणि उधारीची बोलणी ताळेबंद हाती आल्यावर करावीत.